होमस्टेची जाहिरात: 'फक्त वायफाय'ची खूण आधी काढा

खातं, पेमेंट, खोल्यांचे फोटो झालेत असं धरून चालतो. खोल्या तारकर्लीला, जाहिरात फेसबुक-इन्स्टाग्रामवर आणि गुगलवर.

जाहिराती दोन करा. एक पुण्या-मुंबईत बसून सुट्टीचा बेत आखणाऱ्यांसाठी, दुसरी मालवणात येऊन ठेपलेल्यांसाठी. पहिलीला फोन, कॉम्प्युटर दोन्ही चालू. दुसरीला मालवणवर पिन टाकून भोवतालचा १५ किलोमीटरचा परिसर, फक्त मोबाइल आणि बटण कॉलचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी धक्क्यावर उभा असलेला माणूस फॉर्म भरत बसत नाही.

गुगलच्या सर्च मोहिमेत, म्हणजे शोधणाऱ्याला दिसणाऱ्या जाहिरातींत, कॉम्प्युटर नको असेल तर त्याची बोली (एका क्लिकला आपण देऊ करतो ती रक्कम) थेट १०० टक्क्यांनी कमी करा. उणे ३०, उणे ५० सांगणारे खूप भेटतात. पण बोली गुगलवर सोपवलेली असली की बहुतेक पद्धतींत ते आकडे विचारातच घेतले जात नाहीत, उणे १०० तेवढं पाळलं जातं.

आता जोडणी, म्हणजे गिऱ्हाईक वायफायवर आहे की मोबाइल डेटावर. इथे मी चांगलाच आपटलोय. फेसबुकच्या अ‍ॅड सेटमध्ये (जाहिरात कुणाला, कुठे दाखवायची ते ठरवायची जागा), प्लेसमेंटखाली 'आणखी पर्याय' उघडलं की डिव्हाइसच्या भागात 'फक्त वायफायवर असताना' अशी एक चौकट मिळते. 'वायफायवाला गिऱ्हाईक पैसेवाला,' असं एकाने छातीठोक सांगितलं, म्हणून मी दोन्ही जाहिरातींना ती खूण केली. ऐन मे महिना. शनिवारी दुपारपर्यंत एक फोन नाही. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "फोन बंद पडलो काय रे?" त्यांच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. चार दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: किनाऱ्यावर खोली शोधत फिरणारा माणूस मोबाइल डेटावर असतो. त्याला माझी जाहिरात दिसणारच नव्हती.

शिवाय नवऱ्याच्या हॉटस्पॉटवर बसलेली बायकोही वायफायवरच धरली जाते. तेव्हा जोडणीवरून माणसाचा खिसा जोखू नका. 'फक्त आयफोन' निवडणंही त्याच जातीचं. जोडणीवरून ठरवायचं ते जाहिरात किती डेटा खाणारी, जड की हलकी, एवढंच. खोलीपासून समुद्रापर्यंतचा मिनिटभराचा व्हिडिओ दाखवायचाय? मग त्या एकाच अ‍ॅड सेटला वायफायची खूण करा, तीही पुण्या-मुंबईच्या. मालवणातल्याला एक फोटो, भाडं आणि फोन नंबर पुरे. त्या चौकटीजवळ 'फक्त मोबाइल डेटा' अशी उलटी खूण शोधत बसू नका, नाही. मालवणच्या जाहिरातीला काहीच खूण करायची नाही.

गुगलच्या डिस्प्ले (इतर वेबसाइटवर दिसणाऱ्या चित्रांच्या जाहिराती) आणि व्हिडिओ मोहिमेत वायफाय किंवा ठरावीक मोबाइल कंपनी निवडता येते, सर्चमध्ये नाही. कंपनी निवडण्याच्या फंदात मात्र पडू नका. आमच्या वाडीत एका सिमला रेंज येत नाही म्हणून मी ती कंपनी वगळली होती. शुद्ध मूर्खपणा. गिऱ्हाईक माझ्या वाडीत थोडंच राहतं?

जाहिरात चालू करण्याआधी वायफाय बंद करा, माडांत जिथे रेंजची एकच दांडी येते तिथे जाऊन उभे राहा आणि स्वतःचं बुकिंगचं पान उघडा. माझ्या पानावर सगळ्यात वर ड्रोनचा व्हिडिओ होता. तो गोल फिरत राहिला, नंबर काही दिसेना. आता वर नंबर आहे, व्हिडिओ तळाला.