विंडोज ११ टाकल्यावर जुना पीसी सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कितीतरी जुन्या पीसींवर, पात्रतेची अट चुकवून, विंडोज ११ चढवलं गेलं. त्यातला एखादा काळ्या स्क्रीनवर अडकला की पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा’. माझ्या वडिलांच्या पीसीवर तो मारला आणि दहा वर्षांचे फोटो गेले. आठवड्यात पीसी पुन्हा तसाच अडकला, तेव्हा कळलं की दोष मदरबोर्डवरच्या बटनसेलचा होता.

आधी थांबा. जुन्या हार्डडिस्कवर अपग्रेडनंतरचं पहिलं बूट फार वेळ घेतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर दोन तास तरी पॉवरचं बटण दाबू नका. मग पेनड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर काढून पीसी परत सुरू करा.

‘नो बूट डिव्हाइस’ असं आलं तर एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉस (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सेटिंगचं पान) उघडा. तिथे डिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर वीज काढून साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) नीट बसवा. डिस्क टकटक वाजत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. नाव दिसतंय, पण बूट होत नाही? विंडोज ११ साठी म्हणून कुणी बायॉसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (बूट करायची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत) लावलं का, ते आठवा. एमबीआर पद्धतीची, म्हणजे जुन्या मांडणीची डिस्क यूईएफआयमधून विंडोज सुरू करत नाही. सेटिंग होतं तसं करा.

निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर बायॉसमधली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ बटनसेल संपलाय. सेल संपला की बायॉस मूळ सेटिंगवर जातं, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयचा आयडीई किंवा रेड (RAID) होतो आणि विंडोजला आपलीच डिस्क सापडेनाशी होते. सेल बदला, मोड पूर्वीचा लावा. एका वेळी एकच सेटिंग बदला, आणि बदलण्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. या फेरफारानंतर बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

लोगो दिसून सारखं रीस्टार्ट होतंय? लोगो येताच पीसी बंद करा. असं लागोपाठ तीनदा केलं की दुरुस्तीचं पान उघडतं. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप रिपेअर या वाटेने जा. जमलं नाही तर स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालते तिथे) शिरा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर काढा. जुन्या कार्डांवर बऱ्याचदा तोच आडवा येतो. जुन्या आवृत्तीवर परतायची सोय साधारण १० दिवसच असते, त्यामुळे जुनी विंडोज जपून ठेवलेलं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर जागेसाठी उडवू नका.

एवढं करूनही फॉरमॅटच करायची वेळ आली, तर दुसऱ्या पीसीवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून बूट करा आणि फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मिंट काहीही इन्स्टॉल न करता चालतं.

कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवाल्यांनी मात्र वर सांगितलेल्या दुरुस्त्यांत वेळ घालवू नये. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणारी पॉपसीएनटी सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीच. त्यावर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्तीच कायमची टाका.