सूर्यफूल कुळ: एकाच झाडातून रसायन आणि वंशावळ कशी काढावी

रसायन एका झाडाचं आणि डीएनए दुसऱ्या झाडाचा असेल, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. अ‍ॅस्टरेसी म्हणजेच सूर्यफूल कुळात हे फार जाणवतं, कारण एकाच जातीच्या शेजारच्या दोन झाडांतही वेगवेगळी लॅक्टोनं (झाडात बनणारी एक प्रकारची संयुगं) सापडू शकतात आणि संकरही बरेच होतात. म्हणून एकच झाड निवडा आणि त्याचेच तीन भाग करा: हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) दाबलेली फांदी, डीएनएसाठी कोवळं पान, अर्कासाठी पूर्ण वाढलेली पानं. तिन्हींवर एकच क्रमांक घाला. पान शेंड्यापासून कितवं होतं आणि झाड कळीवर होतं की फुलावर, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा, कारण पानाच्या वयानुसार रसायनं बदलतात.

डीएनएसाठीचं पान तुकडे करून त्याच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या कणांत) टाका. दुसऱ्या दिवशी ते कुडकुडीत मोडलं पाहिजे. नुसतं वाकत असेल तर जेल बदला.

पानाचा अर्क

या कुळाची खास ओळख असलेली सेस्क्विटर्पीन लॅक्टोनं बऱ्याच जातींत पानावरच्या ग्रंथीरोमांत (रस साठवणाऱ्या बारीक केसांत) साठलेली असतात. त्यामुळे पान वाटायची गरज नाही. १ ते २ ग्रॅम पानं १० मिलि डायक्लोरोमिथेन या द्रावकामध्ये २० ते ३० सेकंद बुडवा आणि बाहेर काढा. हा द्रावक पाण्यापेक्षा जड असल्यामुळे पान वर तरंगतं, ते चिमट्याने खाली दाबून धरावं लागतं. देठाचं कापलेलं टोक मात्र बुडू देऊ नका, तिथून आतला रस उतरतो. अर्क हिरवागार झाला तर वेळ जास्त झाली किंवा पान फाटलं असं समजा.

अर्क निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळा आणि ३५ अंशांखाली नायट्रोजनच्या झोताने सुकवा. सगळी भांडी काचेचीच हवीत. प्लॅस्टिक मऊ ठेवणारे थॅलेट त्यातून विरघळून येतात आणि मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वस्तुमानांच्या आलेखात) ३९१ वर ठळक शिखर दिसतं, ते झाडाचं नव्हे. तुलनेसाठी पान न बुडवलेला कोरा द्रावकही दर वेळी याच पद्धतीने तयार करून ठेवा. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा खेचून घेणाऱ्या कपाटात) करा. डायक्लोरोमिथेन नायट्राइल हातमोज्यांतून काही मिनिटांतच आरपार जातं, म्हणून थेंब पडताच मोजे बदला. गाजरगवतातल्या पार्थेनिनसारखी लॅक्टोनं त्वचेच्या प्रथिनांना चिकटून ॲलर्जी उठवतात, तेव्हा सुकं पानही उघड्या हाताने चुरू नका.

पहिली चाचणी टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर संयुगं ठिपक्यांत वेगळी करण्याच्या पद्धतीने) करा: सिलिका प्लेट, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट १:१, नंतर व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि १०५ अंशांवर सुमारे पाच मिनिटं. पुढची ओळख एलसी-एमएसवर (द्रवात संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) पटवा, जीसीवर (नमुना तापवून वायुरूपात वेगळा करणाऱ्या यंत्रावर) नको. जर्माक्रेन या सेस्क्विटर्पीन गटातल्या रेणूंचं दहा कर्बांचं कडं तापलेल्या इंजेक्टरमध्ये स्वतःची रचना बदलतं. जर्माक्रेन-ए तर बीटा-एलिमीन होऊन बाहेर पडतं, आणि झाडात नसलेलं संयुग तुमच्या यादीत चढतं.

पानात काही मिळालं नाही म्हणून झाड रिकामं ठरवू नका. झेंडूचे थायोफीन (गंधक असलेली संयुगं) मुख्यतः मुळांत असतात, मुळांच्या अर्काचा ठिपका ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळा चमकतो. ते प्रकाशात विघटतात, तेव्हा मुळांचं काम गडद काचेत करा.

डीएनए आणि झाडाची वंशावळ

डीएनए काढायला सीटॅब पद्धत (सीटॅब या साबणासारख्या रसायनाने पेशी फोडणारी) चालते, पण या कुळात दोन अडचणी हमखास येतात. क्लोरोजेनिक आम्लासारख्या फिनॉलांमुळे द्रावण तपकिरी होतं, त्यासाठी २ टक्के पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारं बहुवारिक) आणि ताजं मरकॅप्टोइथेनॉल (तपकिरी होणं रोखणारं रसायन) घाला. दुसरी अडचण बहुशर्करांची: तळाशी पांढरा, जेलीसारखा गोळा बसतो. अवक्षेपणाआधी मीठ वाढवलं की शर्करा बऱ्याच अंशी द्रावणातच राहतात. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (प्रथिनांची भेसळ दाखवणारं) १.८ आलं तरी २६०/२३० (शर्करा-फिनॉलांची भेसळ दाखवणारं) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जनुकांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेला १०६१ जनुकस्थानांचा प्रोब संच (नेमके डीएनए तुकडे पकडणाऱ्या आमिष-तुकड्यांचा संच) वापरा. तो सूर्यफूल, लेट्यूस आणि करडईच्या क्रमांवरून बनवला आहे. या कुळात जीनोम वारंवार दुप्पट झाले आहेत, त्यामुळे एकाच स्थानाच्या दोन प्रती हाती येतात. त्या वेगळ्या न काढता वंशावळ बांधली, तर जातींऐवजी जनुकांच्या प्रतींचं नातं दिसतं. तुलनेसाठी बाहेरचा गट म्हणून कॅलिसेरेसी घ्या, ते सर्वांत जवळचं कुळ आहे. बार्नाडेसिया गटातली एखादी जातही असू द्या. हरितलवकाच्या डीएनएतला २२ हजार बेसजोड्यांचा उलटलेला तुकडा या कुळात फक्त याच दक्षिण अमेरिकी गटात नाही, हे १९८७ मध्ये दिसून आलं आणि कुळाची सर्वांत जुनी फाटाफूट तिथेच ठरली.

दोन्हींची सांगड

वंशावळीवर रसायन मांडताना तीन नोंदी ठेवा: आढळलं, तपासूनही आढळलं नाही, तपासलंच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीची सरमिसळ झाली की पूर्वजांबद्दलचे सगळे अंदाज ढासळतात. ‘आढळलं नाही’ लिहिण्याआधी त्याच अर्कात पार्थेनोलाइडसारखं (तेही एक लॅक्टोन) प्रमाणित संयुग उतरत्या मात्रांत मिसळून किमान किती मात्रा ओळखता येते ते मोजा आणि तो आकडा नोंदीसोबत द्या.

सारखं रसायन म्हणजे जवळचं नातं, हेही गृहीत धरू नका. सेनेसिओ आणि युपॅटोरियम या दोघांच्या गटांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड (नत्र असलेली विषारी संयुगं) असतात, पण ती बनवण्याचं पहिलं विकर (एन्झाइम), होमोस्पर्मिडीन सिंथेज, दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्क्रांत झालं. उलट, जर्माक्रेन-ए ऑक्सिडेज हे लॅक्टोन मार्गातलं विकर बार्नाडेसियापासून सूर्यफुलापर्यंत टिकून आहे. म्हणून संयुगाच्या स्तंभाशेजारी विकराच्या जनुकाचा स्तंभ ठेवा आणि त्या जनुकाची वंशावळ वेगळी बांधून जातींच्या वंशावळीशी ताडून पाहा.