परभाषेतली पुस्तकं वाचायला ई-रीडर घेताना

ई-रीडर घेताना आधी स्क्रीन आणि स्टोरेज बघितलं जातं. पुस्तकं रशियन, अरबी किंवा जपानी असतील तर आधी फाइल उघडून बघा. त्यासाठी चाचणीची एक छोटी ईपब (ई-पुस्तकाच्या नेहमीच्या फॉरमॅटमधली फाइल) सोबत ठेवा. हव्या त्या प्रत्येक भाषेतला एकेक परिच्छेद वर्डमध्ये चिकटवा आणि कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची ईपब करून घ्या. फॉन्ट मात्र फाइलमध्ये घालू नका, नाहीतर यंत्राची परीक्षाच होत नाही.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर घाबरायचं कारण नाही. फॉन्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ. किंडल आणि कोबो या दोन्ही ई-रीडरमध्ये यूएसबीने जोडून ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल टाकायची आणि वाचताना मेनूतून तो फॉन्ट निवडायचा.

अक्षरं आहेत पण तुटलेली, हे जास्त वाईट. अरबी अक्षरं एकमेकांना न जुळता सुटी उभी राहतात. देवनागरीत ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते, तोच प्रकार. इथे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअरच कमी पडतं, त्यामुळे फॉन्ट बदलून सहसा काही होत नाही. असं यंत्र सोडून द्या.

तिसरा प्रकार म्हणजे ओळीच्या ओळी अगम्य चिन्हं. हा दोष बहुधा फाइलचा. जुन्या रशियन टेक्स्ट फाइली बऱ्याचदा विंडोज-१२५१ या, तर जपानी शिफ्ट-जिस या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, असतात. टेक्स्ट एडिटरमध्ये योग्य एन्कोडिंग निवडून उघडा आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा.

जपानी वाचणाऱ्यांनी उभ्या ओळी आणि उजवीकडून सुरू होणारी पानंही तपासावीत.

फॉरमॅटचं म्हणाल तर केबलने टाकलेली ईपब किंडल थेट उघडत नाही. अ‍ॅमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेतून पाठवावी लागते, तिथे तिचं रूपांतर होतं. रशियन पुस्तकं बऱ्याचदा एफबी२ या फॉरमॅटमध्ये मिळतात. ती आणि स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या डेजाव्हू फाइली पॉकेटबुक हा ई-रीडर जशाच्या तशा उघडतो. स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी सहा इंची पडदा घेऊ नका. ए-४ पानाचा कर्ण चौदा इंचांहून जास्त असतो, त्यामुळे अक्षर निम्म्याहून लहान होतं. १०.३ इंच घ्या.

फाइलमधली भाषेची नोंद कुणी बघत नाही, पण शब्दकोश आणि ओळीअखेरची शब्दतोड तिच्यावर ठरते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. त्यात चिनी आणि जपानीतल्या बऱ्याच सामाईक अक्षरांचा क्रमांक तोच, पण काहींचं वळण वेगळं. नोंद चुकली की जपानी पुस्तक चिनी वळणाने दिसू शकतं. कॅलिबरच्या ‘एडिट मेटाडेटा’त भाषा दुरुस्त करून मगच फाइल यंत्रावर टाका.

शब्दकोशाची चाचणी मूळ शब्दावर करू नका, रूपावर करा. जर्मन ‘गिंग’ (गेला) या रूपावर बोट दाबून धरल्यावर ‘गेएन’ (जाणे) हा मूळ शब्द सापडला पाहिजे. ‘शब्द नाही’ असं उत्तर आलं तर परकी भाषा शिकणाऱ्याला तो कोश फारसा उपयोगाचा नाही. कोबो आणि पॉकेटबुकवर यासाठी कोरीडर हे मोफत अ‍ॅप बसवता येतं, त्यात स्टारडिक्ट या फॉरमॅटमधले कोश चालतात. ज्या कोशासोबत ‘सिन’ फाइल असते त्यात बहुधा ही रूपं दिलेली असतात. किंडलवर कोरीडरसाठी आधी जेलब्रेक करावं लागतं, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं काढावी लागतात. ती खटपट नको असेल तर सुरुवातीलाच दुसरं यंत्र बघा.