गॅरेजात 16 फुटी होडी: आधी साचे, मग लाकूड

होडी बांधायची म्हटली की माणूस आधी लाकूड बघायला धावतो. मीही धावलो होतो. दोन होड्या झाल्यावर सांगतो, लाकडाला घाई नाही. आधी साचे, म्हणजे होडीला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या, नीट करा. साच्यातली चूक लाकूड, काचकापड (काचतंतूंचं कापड), वॉर्निश या सगळ्यांच्या खालून वर येते आणि जन्मभर दिसत राहते.

मी दाभोळच्या खाडीकाठचा. कोकणात एका खोडातून कोरलेल्या लहान होडीला पगार म्हणत. दर महिन्याला येतो तो वेगळा. आता राहतो कॅनडात, ओंटारिओमध्ये. कनू, म्हणजे वल्ह्याने हाकायची लांबट हलकी होडी, यासाठी प्रसिद्ध असलेलं पीटरबरो शहर गाडीने गाठण्याइतकं जवळ. इथे कनू खोडातून कोरत नाहीत. साच्यांवर पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवत जायचं आणि आतून-बाहेरून इपॉक्सी (दोन द्रव कालवून घट्ट होणारं रसायन) आणि काचकापडाचं अस्तर चढवायचं. खिळा एकही राहत नाही. माझी 16 फुटी होडी 26 किलोंची झाली, एकटा डोक्यावर घेऊन चालतो.

जागा 20 फूट लांब हवी. तळघरात बांधू नका, 16 फुटांचं धूड जिन्यात वळत नाही.

पूर्ण आकाराचा कागदी नकाशा विकत घ्या. दुकानात झेरॉक्स काढून मोठा केलात तर मापं हलतात. अर्धा इंच प्लायचे 15 साचे कापा आणि एकेक फुटावर लांब सरळ पेटीवर उभे करा, होडी उलटी ठेवल्यासारखे. पेटीच्या मधोमध दोरी ताणा. प्रत्येक साच्याची मधली रेघ दोरीखाली आलीच पाहिजे. प्रत्येक फुटावर आडवी रेघ मारलेली असते. साचा त्या रेघेच्या कुठल्या बाजूला बसवायचा? होडीच्या मध्याकडच्या. होडी टोकाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे असा बसवला की साच्याची जाडी पट्टीच्या आड येत नाही आणि कडा तासाव्या लागत नाहीत. मला हे पाच साचे उलट बसवल्यावर कळलं.

मग सहा फुटांची लवचिक पट्टी साच्यांवरून आडवी, तिरकी, सगळीकडे टेकवून बघा. कुठे फट, कुठे उंचवटा, ते ती सांगते. पहिल्या होडीत पाचवा साचा एक अष्टमांश इंच डावीकडे होता. एवढ्याने काय होतंय, म्हणून सोडून दिला. आजही संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की तिथे पोट दिसतं. बायकोला दिसत नाही म्हणते, पण तिला होडी पाण्यात बघायची असते. साच्यांच्या कडांना चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर होडी साच्यालाच चिकटते.

आता लाकूड. वेस्टर्न रेड सीडर हलकं, सरळ रेषांचं आणि सहज वाकणारं. सागवान जवळपास दुप्पट जड, त्याचा मोह नको. पट्ट्या पाव इंच जाड, पाऊण इंच रुंद. पाऊण इंची, साडेपाच इंच रुंद फळीतून करवतीचं पातं एक अष्टमांश इंचाचं असेल तर 14 पट्ट्या निघतात, पातळ पातं असेल तर 15-16. लागतात सत्तरेक, म्हणून मी सहा फळ्या घेतो, तुटणाऱ्या धरायच्याच. पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसरीला पन्हळ राउटरने, म्हणजे कडा कोरायच्या यंत्राने, काढून घ्या. पन्हळ वर ठेवा, गोंद तिच्यात थांबतो. सीडरचा भुसा छातीला वाईट, दमा लागलेले सुतार आहेत. साधा रुमाल चालत नाही, चांगला मास्क घ्या.

पहिली पट्टी काठाच्या रेषेवर, मधल्या साच्यांवर समपातळीत लावा. टोकाकडे काठ वर चढतो, पण पट्टीला ओढून त्याच्या मागे नेऊ नका. ती आपल्या मनाने जाईल तशी जाऊ द्या. राहिलेलं त्रिकोणी तोंड नंतर लहान तुकड्यांनी भरतं. पुढे रोज दोन्ही बाजूंना सारख्या पट्ट्या चढवा. स्टेपल मारून धरा, गोंद सुकला की काढा. या कामात डोकं शांत होतं. मी इथेच रेंगाळतो.

स्टेपल काढून झाले की रंधा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120. डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्याला सपाट वाटतं तिथे हात अडखळतो. रात्री दिवा विझवून जमिनीलगत टॉर्च धरली की प्रत्येक खाच सावली टाकते. पुढे ओल्या फडक्याने सगळं पुसा. दबलेलं लाकूड फुगून वर येतं, सुकल्यावर पुन्हा घासा.

इपॉक्सीचं काम एका बैठकीत करायचं, म्हणून सोबत एक माणूस घ्या. 6 औंसी (चौरस यार्डाला 6 औंस वजनाचं) काचकापड अंथरून वर इपॉक्सी ओता, रबरी पट्टीने पसरा. हार्डनर (घट्ट करणारा दुसरा द्रव) थोडा जास्त घातला की लवकर सुकतं, हा समज पॉलिएस्टर रेझिनवाल्यांचा. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की ते मऊ, चिकट राहतं. कालवलेलं कपात साठवू नका, तापून धुमसतं. पसरट थाळीत ओता.

माझा दुसरा धडा हीटरचा. मार्चची थंडी होती, थर लावला आणि मग हीटर चढवला. लाकडातली हवा गरम होऊन फुगली आणि सकाळी कापडाखाली शेकडो बुडबुडे. उलट करायचं: गॅरेज आधी तापवा, लाकूडही तापू द्या, हीटर बंद करा, मग ओता. तापमान उतरताना लाकूड इपॉक्सी आत ओढून घेतं. विणीचे खळगे बुजेपर्यंत एकूण तीन थर. घासण्याआधी मात्र साध्या पाण्याने धुवा, वर मेणचट साय येते. हातमोजे कायम, अंगावर सांडलं तर साबण-पाणी. थिनरने पुसलंत तर ते कातडीत मुरतं आणि एकदा खाज सुरू झाली की छंद संपला.

होडी उलटी करून आत हेच सगळं पुन्हा; आतली बाजू घासणं दुप्पट त्रासाचं. काठपट्ट्या, आडवा दांडा आणि आसनं अ‍ॅशच्या लाकडाची. आसन फार वर लावू नका, होडी कलंडते. शेवटी वॉर्निशचे तीन हात. ते शोभेसाठी नाही, उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून कुजते.

भारतातल्यांनी पट्ट्यांसाठी सीडर शोधत बसू नये. आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याच्या पातळ मरीन प्लायचे तुकडे तारेने शिवून सांध्यांत इपॉक्सी भरायची पद्धत पहिल्या होडीला सोपी पडते.

पहिलीला 280 तास लागले, दुसरीला 190. दुसरी नारळी पौर्णिमेला तळ्यात सोडली. नारळ होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडला आणि वॉर्निशला रुपयाएवढी खोक पडली. बाजूच्या दगडावर फोडा.