पांढरी चादर बांधून अ‍ॅव्हेडन होता येत नाही

अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनच्या 'इन द अमेरिकन वेस्ट' या पुस्तकातले, पांढऱ्या पार्श्वभूमीवर टिपलेल्या माणसांचे फोटो पाहिले की नव्या पोरांना आधी घरातली पांढरी चादर आठवते. मलाही तीच आठवली होती.

मे महिना, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, दुपारचे बारा. दोन बांबूंना आईची चादर बांधली आणि मानकुराद आंबे विकणाऱ्या एका आजीला पुढे उभं केलं. ऊन डोक्यावर. तिचे डोळे मिटलेले, खोबणीत काळोख, नाकाखाली मिशीसारखी सावली. वाऱ्याने चादर फुगून तिच्या डोक्यावर पडली ती वेगळीच. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "बाबा, सोंपलें मरे? गिरायकां गेलीं म्हजीं!" एक फोटो धड नाही. दोन डझन आंबे मात्र घ्यावे लागले.

अ‍ॅव्हेडन आपला पांढरा कागद सावलीत लावायचा, हे मी नंतर वाचलं. पांढरा रंग दिसतो, सावली कोणाला दिसत नाही! गोव्यात तर बालकांव, म्हणजे घरापुढचा छपराखालचा ओटा, आयता आहे. माणसाला सोप्यावर, म्हणजे तिथल्या बांधीव बाकावर, अंगणाकडे तोंड करून बसवा. ऊन अंगणात पडू दे, तोंडावर नको. माझे बरे म्हणावेत असे निम्मे फोटो तिथलेच.

पांढऱ्या पार्श्वभूमीला कॅमेरा फसतो, चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्या.

कॅमेऱ्यामागे लपू नका. अ‍ॅव्हेडन त्याच्या 8 बाय 10 इंची फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्याशेजारी, समोरच्याला दिसेल असा उभा राहायचा. मी ट्रायपॉड आणि रिमोट वापरतो, आणि आधी बांगड्याचा भाव विचारतो.

आता घाई. 1979 ते 1984 या काळात त्याने साडेसातशेच्या आसपास माणसं टिपली, फिल्मचे सुमारे 17 हजार ताव खर्च केले आणि शेवटी निवडले सव्वाशेच्या घरातले फोटो. अंगभर मधमाश्या बसलेल्या माणसाच्या एका फोटोसाठी त्याने मधमाशीपालनाच्या मासिकात जाहिरात दिली होती. आणि आमचे वीर पणजीच्या फोंतेन्हासात तासाभरात तीस जण 'करून' संध्याकाळी अल्बम टाकतात.

ब्लॅक अँड व्हाइट केल्याने चुकलेला उजेड सुधारत नाही. प्रीसेट, म्हणजे फोटो एडिट करायच्या तयार सेटिंग्ज, विकत घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

चष्मा चमकतोय? हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

आणि न विचारता कोणाच्या दारात ट्रायपॉड मांडू नका. परवा माझ्यादेखत एका बाईने एका पोराच्या लेन्ससमोर खिडकी धाडकन लावून घेतली. मी तिच्याच बाजूचा.