चौपाखी छपराचा कोपऱ्याचा वासा: १२ नव्हे, १७

चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरत्या पाख्यांच्या छपरात साधे वासे सहसा बरोबर बसतात, घोळ होतो तो कोपऱ्याच्या तिरक्या वाशांत. साध्या वाशाला फुटामागे ६ इंच चढ असेल तर गुण्यावर (सुताराच्या काटकोनी पट्टीवर) १२ आणि ६ धरून खूण करतो. कोपऱ्याच्या वाशाला तेच ६, पण १२ऐवजी १७ धरा. तो चौकोनाच्या कर्णावरून जातो आणि १२ इंची चौकोनाचा कर्ण जवळपास १७ इंच भरतो, म्हणून त्याचा उतार साडेसव्वीस अंशांवरून साडेएकोणीसवर येतो. चारही पाख्यांचा उतार सारखा असेल तरच हे चालतं.

या चढाला लांबीचं गणित तर फारच सोपं: साध्या वाशाच्या आडव्या फुटामागे कोपऱ्याचा वासा नेमका १८ इंच. भिंतीपासून आढ्याच्या (माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या) मध्यापर्यंत ६ फूट आणि वळचण दीड फूट, म्हणजे वासा ११ फूट ३ इंच. नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, सागवान घेताना १२ फुटीच मागा. दहा फुटी स्वस्त मिळालं तरी जोड देऊ नका, दोन पाख्यांचा भार याच वाशावर येतो.

आढं २ इंच जाड असेल तर आडव्या मापात १.४ इंच वजा करा, मग ओळंब्याच्या (छपरात उभ्या येणाऱ्या) रेषेवर करवतीचं पातं ४५ अंश कलवून दोन्ही बाजू कापा. आधी टाकाऊ फळीवर कापून बघितलेलं बरं, सागाचे भाव माहीतच आहेत.