लाभांश खात्यात येण्यासाठी करावयाची कागदपत्रे

१९४५ मध्ये अमळनेर येथे स्थापन झालेल्या विप्रोचे समभाग त्या गावातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. असे जुने कागदी प्रमाणपत्र ज्यांच्याकडे असेल, त्यांनी प्रथम केवायसी पूर्ण करावी. कारण १ एप्रिल २०२४ पासून केवायसी अपूर्ण असलेल्या कागदी समभागांचा लाभांश रोखून ठेवला जातो आणि पूर्ततेनंतर तो केवळ बँक खात्यातच जमा होतो.

त्यासाठी कंपनीच्या समभागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या निबंधक संस्थेकडे आयएसआर-१ हा अर्ज, स्वसाक्षांकित पॅन व पत्त्याचा पुरावा आणि नाव छापलेला रद्द केलेला धनादेश पाठवावा. सही बदललेली असल्यास आयएसआर-२ वर बँकेच्या अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यावी लागते. खरी अडचण नावाची असते: प्रमाणपत्रावर ‘आर. एस. पाटील’ आणि पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव असेल, तर तफावत दूर करणारी कागदपत्रे आधीच जोडावीत, अन्यथा अर्ज परत येतो.

डीमॅट खातेदारांचे, म्हणजे ज्यांचे समभाग कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहेत त्यांचे, काम सोपे आहे. बँकेचा तपशील, विशेषतः विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी, त्यांनी आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे जिथे डीमॅट खाते आहे त्या बँकेकडे किंवा दलालाकडे, अद्ययावत करावा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून एका कंपनीचा वार्षिक लाभांश १०,००० रुपयांहून अधिक झाल्यास निवासी व्यक्तीच्या लाभांशातून १० टक्के कर कापला जातो; पॅन नसल्यास २० टक्के. सलग सात वर्षे न घेतलेला लाभांश, आणि त्यासोबत समभागही, गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग होतात. ते परत मिळविण्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो.